स्क्रीनवर लेगोची वीट हवेत का तरंगते? लिंबची विहीर आणि आयर्विन पूल बांधत समजून घेऊया

दिवाळीची सुट्टी लागली की साताऱ्यात गल्लोगल्ली एकच काम सुरू असतं. कुणी पोती आणतंय, कुणी माती चाळतंय, कुणी हळीव पेरायला पाणी मारतंय. दोन दिवसांत अजिंक्यतारा उभा राहतो, शेजारच्या अंगणात प्रतापगड. महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, तोफेपेक्षा मावळा बारका असतो, आणि वाघ सगळ्यांपेक्षा मोठा. कुणाचीच तक्रार नसते.

मातीचं हे बरं असतं. बुरूज तिरका झाला तर थापटायचा, पायरी कमी पडली तर अजून एक गोळा लावायचा.

आता हाच किल्ला कम्प्युटरवर, लेगोच्या विटांनी करायला बसा. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विटा हव्या तितक्या, हव्या त्या रंगाच्या. पहिली वीट ठेवली. दुसरी तिच्यावर ठेवली. समोरून बघितलं तर एकदम फिट. माऊसने जरा बाजूला फिरवून बघितलं, तर दुसरी वीट पहिलीच्या मागे चार बोटं लांब, हवेत तरंगतेय.

बहुतेक लोक इथेच लॅपटॉप बंद करतात. मुलांच्या हातात खऱ्या लेगो देणं प्रत्येक घराला परवडत नाही. मोठा सेट घ्यायचा म्हणजे घरात मीटिंगच बसते. त्यामुळे ज्या पोरापोरींना फुकटच्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात जास्त उपयोग होऊ शकतो, ती पहिल्याच संध्याकाळी या तरंगत्या विटेमुळे ते सोडून देतात. अडचण खरं तर बारकी आहे, फक्त ती कुणी सांगत नाही.

तर आज दोन गोष्टी बांधत बांधत हे समजून घेऊया. एक साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर आणि दुसरा सांगलीचा आयर्विन पूल. दोन्ही एकाच कृष्णेच्या काठचे, आणि योगायोगाने विटा बसवायचे जवळजवळ सगळे धडे या दोघांतच मिळतात.

आधी वीट तरंगते का ते बघू

सज्जनगडावर संध्याकाळी गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी कठड्यापाशी दोन बोटांची चिमूट धरून उभं आहे आणि दुसरा फोटो काढतोय. फोटोत मावळता सूर्य बरोबर चिमटीत. प्रत्यक्षात सूर्य कुठे आणि चिमूट कुठे! पण फोटो सपाट असतो. लांब आणि जवळ यातला फरक त्यात मरून जातो.

तुमची स्क्रीनही सपाटच आहे. तुम्ही माऊसने वीट ओढता तेव्हा माऊस फक्त डावी-उजवी आणि वर-खाली इतकंच सांगू शकतो. वीट किती लांब ठेवायची, हे सॉफ्टवेअरला अंदाजाने ठरवावं लागतं. अंदाज चुकला की तुमची वीट म्हणजे चिमटीतला सूर्य.

म्हणून पहिली सवय ही लावायची. वीट ठेवली की लगेच दृश्य फिरवायचं. समोरून, बाजूने आणि वरून, तीन ठिकाणांहून ती जागेवर दिसली तरच ती जागेवर आहे. सुरुवातीला कंटाळा येतो, पण तीस विटा झाल्यावर हात आपोआप फिरतो.

दुसरी सवय म्हणजे मोकळ्या हवेत वीट सोडायची नाही. आधीच्या विटेच्या वरच्या गोल बटणावर, म्हणजे स्टडवर माऊस नेला की बहुतेक सॉफ्टवेअर नवी वीट त्या स्टडला चिकटवून घेतात. याला स्नॅप म्हणतात. सोपी भिंत उभी करायला एवढं पुरतं. पण विहीर काही सोपी भिंत नाही.

विटेचा पत्ता

१९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन नावाच्या तरुणाने एलड्रॉ नावाची एक पद्धत तयार केली. लेगोची रचना कम्प्युटरमध्ये साध्या अक्षर-आकड्यांच्या फाईलमध्ये कशी लिहून ठेवायची, याची ती पद्धत होती. १९९७ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी तो गेला. पण जगभरच्या हौशी लोकांनी ते काम पुढे नेलं आणि आजही लिओकॅड, एलडीकॅड, ब्रिकलिंकचं स्टुडिओ ही सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत. लेगो कंपनीचं स्वतःचं डिजिटल डिझायनर होतं, ते २०२२ मध्ये बंद पडलं. त्याआधी २०१९ मध्ये कंपनीने ब्रिकलिंकच विकत घेतलं होतं, त्यामुळे आता कंपनीही स्टुडिओकडेच बोट दाखवते.

एलड्रॉची फाईल उघडून बघितली तर प्रत्येक विटेसाठी एक ओळ असते. काहीशी अशी:

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

घाबरू नका, ही ओळ वाचायला अगदी सोपी आहे. पहिला १ म्हणजे 'इथे एक भाग आहे'. ४ म्हणजे लाल रंग. शेवटचं ३००१ म्हणजे सगळ्यांच्या ओळखीची दोन बाय चार स्टडची वीट. बऱ्याच खऱ्या विटांच्या पोटातही बारीक अक्षरात असा नंबर असतो, घरी असेल तर उलटी करून बघा.

रंगानंतरचे तीन आकडे म्हणजे विटेची जागा. डावी-उजवीकडे किती, वर-खाली किती, पुढे-मागे किती. त्यापुढचे नऊ आकडे म्हणजे वीट कशी वळवून ठेवलीय ते.

झालं. विटेला स्वतःचं असं एवढंच असतं, जागेचे तीन आकडे आणि एक वळण. स्क्रीनवर दिसतं ते सगळं या आकड्यांचं चित्र आहे. चित्र फसवू शकतं, आकडे फसवत नाहीत. त्यामुळे वीट नीट बसली की नाही अशी शंका आली तर डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघत बसू नका, तिच्यावर क्लिक करून हे तीन आकडे बघा. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ते कुठल्या तरी कोपऱ्यात दिसतात आणि तिथे थेट टाईपही करता येतात.

११० फूट म्हणजे ११० विटा नव्हेत

हे आकडे ज्या मापात असतात त्याला एलडीयू म्हणतात. एक एलडीयू म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. त्यात तीन आकडे पाठ करायचे. एका स्टडची रुंदी २०. विटेची उंची २४. प्लेटची, म्हणजे पातळ विटेची, उंची ८.

मिलिमीटरमध्ये सांगायचं तर रुंदी ८, विटेची उंची ९.६ आणि प्लेटची ३.२. तीन प्लेट एकावर एक म्हणजे एक वीट.

आता लक्षात आलं का, एक स्टडची वीट चौकोनी ठोकळा नसते. ती रुंदीपेक्षा जरा उंच असते, २० ला २४. इथेच मी पहिल्यांदा आपटलो होतो.

बारा मोटेची विहीर अष्टकोनी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला विरुबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. साधारण ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल. वर बारा मोटा चालायच्या, आणि आत विहिरीतच छोटा महाल आहे. पहिल्यांदा पायऱ्या उतरून आत गेलं की माणूस दोन मिनिटं काही बोलत नाही.

मी हिशोब केला, एक स्टड म्हणजे एक फूट. रुंदी ५० स्टड, खोली ११० विटा. तासभर भिंत चढवली आणि लांबून बघितलं तर विहीर कमी आणि बोअर जास्त वाटायला लागलं.

चूक कुठे झाली? ११० विटांची उंची म्हणजे ११० गुणिले २४, २,६४० एलडीयू. आणि एक फूट म्हणजे २० एलडीयू असं मीच ठरवलं होतं. म्हणजे माझी विहीर १३२ फूट खोल झाली होती. विरुबाईंपेक्षा २२ फूट जास्त खणली होती मी.

बरोबर हिशोब असा. ११० फूट गुणिले २० म्हणजे २,२०० एलडीयू. त्याला २४ ने भागलं की ९१ विटा आणि वर २ प्लेट. एकदम चोख बसतं.

याच मापांत अजून एक गंमत लपलेली आहे. ५ प्लेट एकावर एक ठेवल्या तर उंची ४० एलडीयू. दोन स्टडची रुंदीही ४०. म्हणजे वीट आडवी करून भिंतीत बसवायची असेल, स्टड वरच्या ऐवजी समोर तोंड करून हवे असतील, तर प्रत्येक दोन स्टडमागे पाच प्लेट धरायच्या. महालाच्या खांबांवर नक्षी दाखवायची असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं. कुठल्याही लेगोवाल्याला विचारा, 'पाच प्लेट, दोन स्टड' हे त्याला पाढ्यासारखं पाठ असतं.

शून्य कुठे धरायचं?

पावसाळ्यात सांगलीत कुणाला फोन केला की तब्येतीच्या आधी एक प्रश्न येतो, 'आयर्विनला किती फूट?'

१९२९ साली खुला झालेला हा दगडी कमानींचा पूल म्हणजे सांगलीचं मीटर आहे. ४० फूट झालं की इशारा पातळी, ४५ झालं की धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि तो आकडा आजही सांगलीकर झोपेत सांगेल.

आता विचार करा, हा आकडा सगळ्या गावाला का कळतो? कारण शून्य एकच आहे आणि ते हलत नाही. गावभागातला माणूस आपल्या पायरीपासून मोजायला लागला आणि दुसरा आपल्या ओट्यापासून, तर गोंधळच.

सॉफ्टवेअरमध्येही शून्य आधी ठरवायचं. पुलासाठी मी नदीचा तळ शून्य धरला, म्हणजे पूररेषा दाखवायची झाली तर फुटाचा आकडा सरळ मापात बदलता येतो. आधी पूल कुठेतरी बांधून नंतर शून्यावर ओढत आणायला गेलं की एखादी वीट निवडायची राहते आणि ती तिथेच मागे लटकत राहते.

पण इथे एक खोच आहे. एलड्रॉमध्ये वर-खालीचा आकडा उलटा चालतो. वर गेलं की आकडा वजामध्ये जातो आणि खाली आलं की वाढतो. पुलावर काम करताना हे डोक्याला शॉट लावतं. वीट वर चढवायची म्हणून २४ टाकलं आणि ती जमिनीत गेली, असं होतं.

विहिरीला मात्र हे एकदम जुळतं! विहीर आपण मोजतो तीच वरून खाली. काठ शून्य धरला की ११० फूट खोल म्हणजे अधिक ११० फूट. विहीर बांधून ही उलटी दिशा अंगवळणी पाडायची आणि मग पुलाकडे जायचं, असा माझा अनुभव आहे. काही सॉफ्टवेअर स्क्रीनवर ही दिशा सुलटी करून दाखवतात, त्यामुळे एक वीट वर सरकवून आकडा वाढतो की घटतो ते आधी बघून घ्या.

अर्ध्या स्टडची चोरी

पुढची अडचण नवख्यांना फार छळते. चार स्टडच्या विटेवर तीन स्टडची वीट ठेवायची. दोन्हीच्या जागेचे आकडे सारखे टाकले. वरची वीट बसतच नाही, अर्ध्या स्टडवर अडकून राहते.

कारण जागेचा आकडा विटेच्या मध्याचा असतो, कोपऱ्याचा नसतो. चार स्टडच्या विटेचा मध्य दोन स्टडच्या बरोबर मधे पडतो. तीन स्टडच्या विटेचा मध्य मधल्या स्टडवर पडतो. दोघांमध्ये अर्ध्या स्टडचा, म्हणजे १० एलडीयूचा फरक. सम आणि विषम लांबीच्या विटा एकमेकींवर आल्या की एकीला १० ने सरकवायचं, एवढाच उपाय.

म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये ग्रिडची सोय असते, बाणाचं बटण एकदा दाबलं की वीट किती सरकणार हे ठरवणारी. मोठी ग्रिड असेल तर साधारण एक पूर्ण स्टड, मधली असेल तर अर्धा, बारीक असेल तर अगदी एखादा एलडीयू. आपल्याकडचा अनुभव असा की वीट बसेना झाली की माणूस लगेच बारीक ग्रिड लावतो आणि डोळ्याने जुळवत बसतो. हे म्हणजे दार लागत नाही म्हणून रंधा मारत सुटण्यासारखं झालं. वीट बसत नसेल तर दहापैकी नऊ वेळा ती अर्ध्या स्टडने किंवा एका प्लेटने चुकलेली असते. मधली ग्रिड लावा आणि एकदा बटण दाबून बघा. बारीक ग्रिडला हात लावायची वेळ फक्त एका ठिकाणी येते, तिरक्या भिंतीला.

तिरकी भिंत, म्हणजे खरी परीक्षा

अष्टकोनाच्या आठ भिंतींपैकी चार सरळ असतात. त्या वर सांगितलेल्या पद्धतीने होतात. उरलेल्या चार ४५ अंशात वळलेल्या असतात आणि तिथे भल्याभल्यांचा घाम निघतो.

पहिली गडबड दिशेची होते. पोवई नाक्यावर उभं राहून कुणाला सांगितलं की 'डावीकडे जा', तर त्याचं तोंड कुठे आहे यावर सगळं अवलंबून. 'पूर्वेला जा' म्हटलं तर तोंड कुठेही असो, रस्ता एकच. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पर्याय असतात. वीट सगळ्या मॉडेलच्या दिशेने सरकवायची, की तिच्या स्वतःच्या तोंडाच्या दिशेने. वीट सरळ असते तोपर्यंत दोन्ही सारखेच वाटतात. ती ४५ अंशात वळली की फरक कळतो. बाण उजवीकडे दाबला आणि वीट भिंतीला धरून न जाता भिंतीतून आरपार निघाली, तर समजा की दिशेचा पर्याय बदलायचा राहिलाय.

दुसरी गडबड कशाभोवती फिरवायचं याची. वीट निवडून फिरवली की ती स्वतःच्या मध्याभोवती गरकन फिरते आणि जागेवरच राहते. विहिरीला ते उपयोगाचं नाही. विहिरीची भिंत विहिरीच्या मध्याभोवती फिरायला हवी, मोट ओढणारे बैल आपापल्या जागी उभे राहून नुसते स्वतःभोवती फिरले तर काय होईल तसं होतं नाहीतर. म्हणून एक सरळ भिंत पूर्ण बांधायची, तिचा गट करायचा, फिरवण्याचा मध्य विहिरीच्या केंद्रावर नेऊन ठेवायचा आणि मग ४५ अंश फिरवलेली कॉपी काढायची. एका भिंतीच्या आठ भिंती दोन मिनिटांत होतात.

आणि इथे तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. स्क्रीनवर आठ भिंती झाल्या, पण या तिरक्या भिंती खालच्या पायाच्या स्टडवर बसतात का?

आपण ५० स्टड रुंदी धरली होती. म्हणजे केंद्रापासून भिंत २५ स्टडवर, ५०० एलडीयू. ४५ अंश फिरवली की तिचा मध्य ३५३.५५ वर पडतो. ग्रिडवर असा आकडाच नाही, ना १० च्या पाढ्यात ना २० च्या. सॉफ्टवेअर काही बोलणार नाही, ते भिंत छान दाखवेल. पण खऱ्या विटा आणून बांधायला गेलात तर त्या भिंतीखाली एकही स्टड जुळणार नाही.

मग काय करायचं? विहीर जरा लहान करायची. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा. दोन बाजू १२-१२ असतील तर तिरकी बाजू येते १६.९७. म्हणजे जवळजवळ १७. तर आठही भिंती १७ स्टड अंतराच्या धरा. सरळ भिंत १७, तिरकी भिंत आडवी १२ आणि उभी १२ चालते. पूर्ण रुंदी होते १२ अधिक १७ अधिक १२, बरोबर ४१. केंद्रापासून सरळ भिंत साडेवीस स्टडवर, ४१० एलडीयू. फिरवल्यावर तिरक्या भिंतीचा मध्य पडतो २८९.९ वर. ग्रिडवरचा आकडा आहे २९०. फरक ०.१ एलडीयू, म्हणजे ०.०४ मिलिमीटर! भिंतीच्या दोन्ही टोकांना मिळूनही फरक इतका कमी राहतो की विटांच्या नैसर्गिक सैलपणात तो सहज जिरून जातो.

छोटं मॉडेल हवं असेल तर ५, ५ आणि ७ ही जोडीही चालते, पण तिथे प्रत्येक दिशेला ०.४ मिलिमीटर ताण येतो. छज्जा-बिज्जा असेल तर ठीक, सगळी विहीर त्यावर उभी करायला मी धजणार नाही.

एक ध्यानात ठेवा. १७ हे अंतर आहे, पहिल्या स्टडच्या मध्यापासून शेवटच्या स्टडच्या मध्यापर्यंतचं. १७ अंतरांना स्टड लागतात १८. कुंपणाला दहा गाळे असले की खांब अकरा लागतात, तसंच. इथे एकाने चुकणारे लोक मी इतके बघितलेत की वेगळा परिच्छेद करून सांगावंसं वाटलं.

५० फुटांचे ४१ स्टड केले म्हणजे ११० फुटांचे ९० स्टड आणि वर थोडं. एलडीयूमध्ये १,८०४, विटांमध्ये बरोबर ७५, वर ४ एलडीयू सोडून दिले तरी चालतील. ७५ थरांची विहीर, प्रत्यक्षात बांधली तर ७२ सेंटिमीटर उंच.

कमान एकदा, चूक दहादा

आयर्विन पुलाला तिरकं काही नाही, तिथे सगळं पुन्हा पुन्हा तेच आहे. एक कमान, एक खांब, पुन्हा कमान, पुन्हा खांब. साहजिकच एक बांधायची आणि कॉपी मारत जायचं.

पण कॉपी मारताना चूकही कॉपी होते. एका गाळ्याचं अंतर ४०० एलडीयू हवं असताना तुम्ही डोळ्याने जुळवून ४०१ ठेवलंत, आणि पुढची प्रत्येक कॉपी आधीच्या कॉपीवरून काढलीत, तर दहाव्या गाळ्याला १० एलडीयूचा फरक पडतो. म्हणजे अर्धा स्टड. वरून रस्त्याची प्लेट टाकायला जाल तेव्हा सांगलीकडून सुरू केलेली प्लेट सांगलवाडीकडच्या टोकाला बसणार नाही, आणि चूक तिथे दिसेल जिथे ती झालेलीच नाही.

म्हणून कॉपी ओढून ठेवायची नाही, आकडा टाईप करायचा. ४००, ८००, १,२००. आणि कमानीचा गट सबमॉडेल म्हणून ठेवायचा. मग एका कमानीत दगडाचा रंग बदलला की सगळ्या कमानींत बदलतो.

स्क्रीनवर गुरुत्वाकर्षण नसतं

आता तुमची विहीरही झाली आणि पूलही. रेंडर मारून फोटो काढला, स्टेटसला ठेवला, कौतुक झालं. इथवर ठीक. पण खऱ्या विटा मागवायचा विचार असेल तर जरा थांबा. ४१ स्टडच्या विहिरीची फक्त बाहेरची भिंत, एक स्टड जाडीची, चार स्टडच्या विटांनी बांधायची म्हटली तरी १३६ भागिले ४ म्हणजे एका थराला ३४, आणि ७५ थरांच्या अडीच हजारांवर विटा होतात. महाल आणि पायऱ्या यात धरलेल्याच नाहीत. एवढे पैसे घालून आणलेली वीट बसलीच नाही, तर दिवाळीचा फराळही गोड लागणार नाही.

कम्प्युटरमधली वीट पडत नाही. तिला खालून आधार नसला तरी ती तशीच राहते. एका विटेत दुसरी घुसली तरी दोघी गप्प. स्टुडिओमध्ये कोलिजन नावाचा पर्याय आहे, तो चालू ठेवला तर एकमेकींत घुसलेल्या विटा लगेच कळतात. तिथेच मॉडेलचा आधार तपासायचीही सोय आहे. पण या तपासण्यांवर सगळा भार टाकू नका. महालाचं छत विहिरीच्या भिंतीला फक्त एका स्टडने धरलेलं असलं तरी 'जोडलेलं आहे' असंच दिसतं, आणि हातात घेतलं की तुटून पडतं.

माझी एक गावठी तपासणी आहे. मॉडेल सगळ्यात वरून एकेक थर लपवत खाली यायचं. प्रत्येक थरात बघायचं, ही वीट खालच्या किमान दोन विटांवर बसलीय का? गवंडी सांधे एकावर एक येऊ देत नाही, तेच इथे. उभा सांधा चार-पाच थर सरळ खाली जाताना दिसला की भिंत तिथून फाटणार हे नक्की.

रंगाचंही तसंच. सॉफ्टवेअरमध्ये कमानीचा तुकडा हव्या त्या दगडी रंगात मिळतो. पण लेगोने तो तुकडा त्या रंगात कधी काढलाच नसेल तर मागवणार कुठून? स्टुडिओ अशा तुकड्यावर खूण दाखवतं, ती यादी पाठवायच्या आधी बघायची.

सुरुवात कुठून करायची

स्टुडिओ विंडोज आणि मॅकवर चालतं, फुकट आहे. जुना लॅपटॉप असेल किंवा लिनक्स असेल तर लिओकॅड घ्या, तेही फुकट आणि बरंच हलकं. मोबाईलवर मात्र ही दोन्ही चालत नाहीत.

पहिल्याच दिवशी प्रतापगड घेऊ नका. विहिरीचा फक्त एक थर घ्या. पायाला मोठी प्लेट, तिच्या मध्यावर शून्य. चार सरळ भिंती, एक वीट उंच, केंद्रापासून ४१० वर. मग ४५ अंशातल्या चार कॉपी. शेवटी एका तिरक्या भिंतीवर क्लिक करून जागेचे आकडे वाचा. दोन्हीकडे २९० च्या आसपास दिसलं तर वरचे ७४ थर नुसते कॉपी मारायचे आहेत. एकीकडे ४१० असलं काही दिसलं तर फिरवण्याचा मध्य भिंतीवरच राहून गेलाय, तो केंद्रावर न्या आणि पुन्हा फिरवा.